हौसाच्या डोळ्याची बंदूक

खूप जुन्या काळची गोष्ट आहे बरं का! तेव्हा रान अगदी गावाच्या कुंपणाला येऊन टेकलेलं असायचं. अशाच एका गावात केरू नावाचा शिकारी राहत होता. रानडुकरांपासून गावाची शेतं राखायची, हे त्याचं काम.

केरूचा नेम कधी चुकला नाही. पण वय झालं, नजर अधू झाली, तेव्हा त्याने आपली ठासणीची बंदूक लेकीच्या, हौसाच्या हाती दिली.

"आधी झाडावर खूण करून चार बार काढून बघ गं," तो म्हणाला.

हौसा हसली. "बाबा, तुमची बंदूक कधी चुकलीय का? दारू कशाला वाया घालवू?"

चारच दिवसांनी एक दांडगं रानडुक्कर ज्वारीत शिरलं. हौसाने श्वास रोखून बार काढला. गोळी बाजूने गेली. बिथरलेलं जनावर उलटून आलं आणि बांधावर उभ्या केरूची मांडी फाडून रानात पळालं.

केरू वाचला, पण खाटेला खिळला. हौसा उशाशी बसून रडू लागली. "माझ्या हातात तुमचा गुण नाही, बाबा."

"डोळे पूस आणि माझी खाट अंगणात घे," केरू म्हणाला.

त्याने हौसाला समोरच्या चिंचेवर चुन्याचा ठिपका काढायला लावला. हौसाने तीन बार काढले. तिन्ही गोळ्या ठिपक्याच्या डावीकडे, दोन बोटांवर, अगदी एकमेकींना चिकटून लागल्या.

हौसाने हे सांगताच केरूचा चेहरा खुलला. "अगं वेडे, हात पक्का आहे तुझा! बंदूक अजून माझ्या डोळ्याने बघतेय, एवढंच."

नळीच्या टोकावरची माशी, जिच्यावरून नेम धरतात, ती त्याने हौसाकडून केसभर डावीकडे ठोकून घेतली. चौथी गोळी ठिपक्यात बसली.

"आता नळी गरम पाण्याने धू, कोरडी कर, तेलाचा हात फिरव. दर वेळी बार काढल्यावर हे करायचं, नाहीतर दारूच्या काजळीने नळी गंजते. दमलीस तरी चुकवू नकोस हं."

"नाही चुकवणार."

महिन्याभराने तेच डुक्कर पुन्हा आलं, या वेळी कापणी करणाऱ्या बायकांवरच धावलं. हौसाच्या एकाच गोळीत ते आडवं झालं.

बायकांनी हौसाला मिठ्या मारल्या. लंगडत आलेला केरू मात्र एवढंच म्हणाला, "घरी चल पोरी, नळी धुवायची राहिलीय."

मुलांनो आणि मोठ्यांनो, हत्यार वारशाने मिळतं, पण त्याचा नेम आपल्या डोळ्याने आपणच लावून घ्यावा लागतो.