रानम्हशीची जखम राखणारा पक्षी

पूर्वी समुद्रापलीकडच्या गवताळ मुलखात, जिथे कोणत्याही राजाची सत्ता पोहोचली नव्हती, बोधिसत्त्व लाल चोचीच्या एका लहान पक्ष्याच्या जन्माला आला होता. हे पक्षी आपल्या साळुंकीच्या नात्यातले. रानम्हशींच्या पाठीवर बसून ते त्यांच्या अंगावरच्या गोचिड्या वेचून खात. बोधिसत्त्व त्यांच्या थव्याचा प्रमुख होता.

म्हशींच्या कळपाची पुढारीण कृष्णी नावाची म्हातारी म्हैस होती. दूरच्या डोहाची वाट तिला एकटीलाच ठाऊक होती. एका वर्षी पाऊस आला नाही. त्यातच काटा लागून कृष्णीच्या खांद्याला जखम झाली आणि महिना उलटला तरी ती भरेना. कृष्णी खंगत चालली. डोहाकडे निघायचे बळ तिच्यात उरले नाही, आणि तिच्यावाचून सगळा तहानलेला कळप आटत चाललेल्या डबक्यापाशी अडकून पडला.

एका दुपारी बोधिसत्त्वाने पाहिले, लोहिततुंड नावाचा पक्षी त्या जखमेवरची खपली चोचीने उचलत होता.

“काय चालवलं आहेस?”

“गोचीड शोधतोय.”

“खपलीखाली गोचीड नसते. खरं बोल.”

लोहिततुंडाची चोच अजून ओली होती. तो निर्लज्जपणे म्हणाला, “रक्त पितोय. सगळेच पितात. दुष्काळात गोचिड्या कमी झाल्यात, जखम भरली तर आपण उपाशी मरू.”

बोधिसत्त्वाने थव्याकडे पाहिले. एकानेही नाकारले नाही. तो संतापून ओरडला, “ती आपल्याला वैद्य समजून पाठ देते! दुखलं तरी हलत नाही! आणि तुम्ही तिला रोज थोडी थोडी मारता?”

तरीही थव्यातले दोघे-तिघे पुन्हा जखमेकडे सरकले. तेव्हा बोधिसत्त्व कृष्णीच्या शिंगावर जाऊन बसला आणि म्हणाला, “आई, तुझी जखम आम्हीच भरू देत नाही.”

कृष्णीला आधी ते खरे वाटेना. मग तिने असे अंग झाडले, की सगळा थवा उधळला. “तुम्ही चोच खुपसायचात आणि मी मुकाट सोसत होते, बरं वाटेल म्हणून!” असे ओरडत, उरलेसुरले बळ एकवटून ती समोरच्या वाळक्या झाडावर धावली. त्या झाडाच्या ढोलीत थव्याची पिले होती. पहिल्याच धडकेत खोड करकरले.

बोधिसत्त्व तिच्या शिंगांसमोर खोडाला बिलगला. “तुझा राग खरा आहे. मीही जळतो आहे. पण आतल्या पिलांचे डोळेसुद्धा अजून उघडलेले नाहीत.”

“मग माझ्या जखमेचं काय?”

“ती मी राखीन.”

कृष्णी फुत्कारत उभी राहिली, पण तिने दुसरी धडक मारली नाही.

त्या दिवसापासून बोधिसत्त्व जखमेवर पंख पसरून बसला. माशा हाकलायला कृष्णी शेपूट मारी, पण ते खांद्यापर्यंत पोहोचत नसे. भुकेला थवा त्याच्यावर तुटून पडला. आपल्याच जातीच्या चोचींनी त्याचा एक डोळा गेला. प्रत्येक घावाबरोबर त्याला वाटे, लोहिततुंडाचा गळा फोडावा. तरी त्याने चोच वापरली ती फक्त माशा हाकलायला.

अकराव्या दिवशी जखमेवर घट्ट खपली धरली. काही दिवसांनी कृष्णी कळपाला घेऊन डोहावर पोहोचली. सगळ्या म्हशी पोटभर पाणी प्यायल्या. बोधिसत्त्व तिच्या पाठीवर होता.

“माझा राग अजून गेलेला नाही,” कृष्णी म्हणाली.

“माझाही नाही. राहू दे. त्याला शिंगं मात्र देऊ नकोस.”

ही कथा शास्त्याने, म्हणजे भिक्षूंच्या गुरूने, विहारात सांगितली. तिथे सेवेला नेमलेल्या एका भिक्षूने आजारी वृद्ध सोबत्यासाठी येणारी पेज बंद होऊ नये आणि ती स्वतः पिता यावी म्हणून त्याची जखम धुतलीच नव्हती, आणि ते कळल्यावर बाकीचे भिक्षू त्या सेवेकऱ्याला मारायला काठ्या घेऊन धावले होते. शास्ता म्हणाला, “तेव्हाचा लोहिततुंड म्हणजे हा सेवेकरी, कृष्णी म्हणजे हा अंथरुणावरचा वृद्ध, आणि एक डोळा गमावलेला तो पक्षी मीच होतो.”

भिक्षूंनी काठ्या खाली ठेवल्या आणि वृद्धाची जखम धुवायला पाणी तापवले. संतापाने जळत असतानाही बोधिसत्त्वाने जे पाळले, ती क्षांती, म्हणजे सहनशील क्षमा.