सदूमास्तरांची गिटार

गोव्याच्या हद्दीला लागून एक गाव होतं, त्या गावात एक पोस्ट होतं, आणि त्या पोस्टात एक भोळा मास्तर होता. नाव सदानंद. गाव त्याला सदूमास्तर म्हणे. पोस्ट एकट्याचंच होतं. शिक्का मारणाराही तोच, पत्रं वाटणाराही तोच.

आपण मूर्ख आहोत हे सदूला ठाऊक होतं. त्याच्या बायकोने, शालनने, बावीस वर्षं रोज तसं सांगितलं होतं, आणि शालनने सांगितलेलं तो शब्दशः मानत असे.

शालन सकाळी गॅसवर दूध ठेवून विळीवर भाजी चिरायला बसे. चिरता चिरता एक चाल गुणगुणे. तिला शब्द नव्हते. कुठून आली होती ते तिलाही माहीत नव्हतं. मध्येच थांबून ती हाक मारी, "अहो, दूध बघा!"

सदू उठे. गॅससमोर उभा राही आणि दूध बघे. दूध वर येई. सदू बघे. दूध उतू जाई. तेही तो बघे.

"अहो, उतू गेलं ना!"

"हो. बघितलं मी."

मग शालन विळी आडवी करून उठे, गॅस बंद करी, ओटा पुसे आणि म्हणे, "मूर्ख आहात अगदी." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बावीस वर्षांत दुधात काही फरक पडला नाही आणि सदूतही नाही.

मग शालन आजारी पडली. तालुक्याच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "माझ्यामागे घर सुनं ठेवू नका. काहीतरी वाजतं ठेवा."

ती गेली. दिवसकार्य झालं. पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी सदूने कुकरमध्ये नुसतं पाणी घातलं आणि गॅसवर चढवला. शिट्ट्या होऊ लागल्या. पाणी संपलं की तो नवं घाली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून त्याची थोरली बहीण वच्छाक्का आली.

"सदू, काय शिजवतोयस तीन दिवस?"

"शिट्टी."

आक्काने झाकण उघडून पाहिलं. मग तिने गॅस बंद केला आणि पाटावर बसली.

"वाजतं ठेवा म्हणजे वाद्य रे, मेल्या! एखादं वाद्य घे. शीक. ती गुणगुणायची ना, ती चाल वाजव. वर्षाच्या दिवशी सगळे येतील, तेव्हा ऐकव."

सदूला हे पटलं. ती चाल त्याच्याशिवाय कुणाला येत नव्हती. आणि त्याला तरी कुठे येत होती? नुसती ऐकू येत होती. तीही हल्ली थोडी थोडी पुसट होत चालली होती. वर्षाच्या आत ती कशात तरी उतरवून ठेवायला हवी होती.

"पण घेताना वाजवून घे," आक्का म्हणाली. "गेल्या खेपेला मडकं आणलंस ते चिरलेलं."

रविवारी सदू म्हापशाला गेला. तिथे कायतानबाब नावाचे एक म्हातारे वादक राहत. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांतून जॅझ वाजवत. आता बोटं वळत नव्हती, म्हणून घरातली वाद्यं एकेक करून विकत होते. त्यांनी सदूपुढे तीन गिटारी ठेवल्या. सदूने बोटाचं पेर वाकवलं, कान टेकवला, आणि मडकं वाजवतात तशी पहिली टकटक वाजवली.

"भरीव आहे," तो म्हणाला आणि ती बाजूला ठेवली. "ही जरा बद्द."

तिसरी पोटाला फुगीर होती. वरची फळी कमानीसारखी कोरून काढलेली. मध्ये गोल भोक नव्हतं. दोन्ही अंगांना दोन वळणदार फटी होत्या, व्हायोलिनला असतात तशा. रंग पिकल्या फणसाच्या गऱ्याचा. सदूने टकटक केलं. आतून कुणीतरी खोल आवाजात हुंकार दिला.

"ही पक्की भाजलेली आहे. ही द्या."

कायतानबाब त्याच्याकडे बघतच राहिले. "सायबा! लोक तारा छेडतात, रंग बघतात. पोट ठोकून गिटार घेणारा पन्नास वर्षांत तू पहिला. आणि घेतलीस ती नेमकी चांगली!"

"ह्या फटीतून पत्र टाकायचं?"

"नाही रे, ह्यातून आवाज बाहेर येतो."

"जॅझ म्हणजे काय असतं?"

"चाल तीच. पण दर वेळी वेगळी वाजवायची."

"मग ती तीच कशी?"

कायतानबाबांनी कपाटातून गिटारीची जुनी पावती काढून त्याच्या हातात दिली. निघताना त्यांनी गिटारीवरून हात फिरवला. "हे माझं बाळ. बाळासारखं सांभाळ."

सदूने मान डोलावली.

एस.टी.त तो गिटार मांडीवर घेऊन बसला. मान कोपरावर, पोट छातीशी. डोक्याला स्वतःचा रुमाल बांधलेला, वारा लागू नये म्हणून.

"हे काय?" कंडक्टरने विचारलं.

"बाळ."

"वय?"

सदू खोटं बोलत नसे. "अडुसष्ट."

कंडक्टरने क्षणभर विचार केला. त्याची तीस वर्षं नोकरी झाली होती. "अडुसष्ट म्हणजे ज्येष्ठ नागरिक. अर्धं तिकीट. आधारकार्ड आहे?"

"जुनी पावती आहे."

"त्यावर फोटो नाही."

"चेहरा समोरच आहे की."

कंडक्टरने अर्धं तिकीट फाडलं आणि पुढच्या बाकाकडे गेला.

घरी आल्यावर सदूने बाळाला खोबरेल तेल चोळलं. दुपट्यात गुंडाळलं. काजळाची तीट लावली. संध्याकाळी विस्तवावर ओवा, वावडिंग आणि लसणाची सालं टाकून धुरी दिली. धूर एका फटीतून आत गेला आणि दुसऱ्या फटीतून बाहेर आला. मग खिडकीतून बाहेर गेला. आक्का बादली घेऊन धावत आली.

"आक्का, हळू," सदू म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय."

पुढच्या रविवारी सदू शिकायला गेला तेव्हा कायतानबाबांनी गिटार नाकाजवळ नेली आणि डोळे मिटून घेतले. "आरे देवा! बाळ नव्हे रे, लाकूड आहे ते! जुनं लाकूड. लाकूड सांभाळतात तसं सांभाळ. कोरडं ठेव."

सदूने मान डोलावली.

घरात सगळ्यांत कोरडी जागा म्हणजे न्हाणीच्या चुलीमागे, जिथे लाकडांचा रच होता. सदूने गिटार तिथे ठेवली. वर दोन ओंडके ठेवले, घसरू नये म्हणून. सकाळी आक्का सदूच्या आंघोळीचं पाणी तापवायला आली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तिने रचातून हाताला लागलं ते ओढलं आणि चुलीत सारायला लागली. लाकूड "झंऽऽण" म्हणालं.

आक्का किंचाळली. "सदू! लाकूड बोललं!"

"काय म्हणालं?" सदूने उत्सुकतेने विचारलं.

आक्काने मग काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. त्यात लाकडाचा काही दोष नव्हता.

तिसऱ्या रविवारी कायतानबाबांनी तारा पाहिल्या. तेलाने आणि धुराने त्या काळ्या पडल्या होत्या. त्यांनी नवा जुडगा दिला. गिटारीच्या पोटावर लाकडाचा एक छोटा पूल होता, त्यावरून तारा जात. त्याला ते घोडी म्हणत.

"नीट ऐक. ही घोडी कशानेही चिकटवलेली नाही. नुसत्या तारांच्या ओढीने उभी आहे. सगळ्या तारा एकदम काढल्यास तर पडेल. म्हणून एक काढ, एक लाव. एक काढ, एक लाव. समजलं?"

सदूने मान डोलावली. ह्या वेळी त्याने तसंच केलं. एक काढली, एक लावली. घोडी जागची हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा सांगितल्यासारखं झालं होतं. त्याला फार आनंद झाला, आणि एवढी चांगली रीत फक्त गिटारीपुरती ठेवणं त्याला बरं वाटेना.

दुसऱ्या दिवशी पोस्टात टपालाची पिशवी आली. सदूने एक पत्र काढलं, एक पत्र आत घातलं. एक काढलं, एक घातलं. बाहेर जाणारी पत्रं संपली, तेव्हा त्याने आलेल्यांतलीच परत घातली. आठवडाभर गावाचं टपाल त्या पिशवीत आतबाहेर करत होतं.

"मास्तर, माझ्या मुलाचं पत्र आलं का?"

"आलं होतं. पुन्हा आत गेलंय. पाळी आली की येईल."

शेवटी तालुक्याहून साहेब आले. "पिशवी एकदम रिकामी का करत नाही तुम्ही?"

"घोडी पडेल, साहेब."

साहेबांनी पिशवीत डोकावून पाहिलं. घोडी दिसली नाही. त्यांनी सदूला चार दिवस रजेवर पाठवलं.

त्या चार दिवसांत सदू गिटार घेऊन नुसता बसून राहिला. वाजवायचा कमीच. पण पोकळ पोट छातीला टेकलेलं असलं की तो खोकला तरी गिटार जरा घुमायची. त्याने "चहा ठेवू का?" असं विचारलं की तारा हलकेच झणझणायच्या. घरात कुणी काही बोललं की तिला कळायचं. बोलणारा तो एकटाच होता, तरी तेवढं बरं होतं.

मग तो चाल शोधू लागला. एक सूर सापडे, दुसरा निसटे. महिने गेले. वर्षाचा दिवस तीन आठवड्यांवर आला आणि सदू रडकुंडीला आला.

"कायतानबाब, नक्की कशी वाजवू?"

"तुझ्या मनाला येईल तशी. थोडं इकडे वळव, थोडं तिकडे."

सदू घाबरला. "मग ती तिची नाही राहणार."

बाळ, लाकूड, घोडी, सगळं कायतानबाबांना आठवलं असावं. त्यांनी फार जपून शब्द निवडले. "बरं. तर मग जशी ऐकलीस तशीच वाजव. एक सूर जास्त नको, एक कमी नको. ती थांबायची तिथे थांब. जे कानावर आलं ते सगळं, तेवढंच."

सदूने मान डोलावली.

वर्षाचा दिवस आला. सकाळी विधी झाले. संध्याकाळी माजघरात आक्का, तिचे यजमान, शालनचा भाऊ, शेजारचं जोडपं आणि खास बोलावलेले कायतानबाब बसले. आक्काने सगळ्यांच्या चहासाठी दूध गॅसवर ठेवलं आणि तीही येऊन बसली. "तापेल तोवर ऐकू," ती म्हणाली.

सदूने गिटार छातीशी घेतली. एकदा पोटावर टकटक केलं. आणि वाजवू लागला.

पहिला सूर जरा घसरला. दुसरा बसला. मग विळीवर भाजी चिरावी तशी संथ, थांबत थांबत, चाल पुढे सरकू लागली. शालनच्या भावाने मान खाली घातली. आक्काने पदर डोळ्यांना लावला. कायतानबाबांची न वळणारी बोटं गुडघ्यावर हलायला लागली. वर्षभर त्या घरात जे नव्हतं ते हळूहळू भरत आलं. चाल वर चढली, एका सुरावर जाऊन रेंगाळली, आता खाली वळणार, इतक्यात सदूने तारांवर हात ठेवला आणि मोठ्याने हाक मारली,

"अहो, दूध बघा!"

सगळे दचकले. पण सदू ऐकण्यात कधीच कमी पडला नव्हता. त्याने गिटार कायतानबाबांच्या मांडीवर दिली, धावत स्वयंपाकघरात गेला आणि गॅससमोर हात मागे बांधून उभा राहिला.

मागोमाग सगळे आले.

दूध वर येत होतं.

"सदू, अरे उतू जातंय!"

"बघतोय, आक्का."

कायतानबाब दारात गिटार धरून उभे होते. "चाल अर्धीच राहिली रे. पुढे कशी आहे?"

"पुढची मला माहीत नाही," सदू दुधावरची नजर न काढता म्हणाला. "दर वेळी इथेच थांबायची. मग तिला गॅस बंद करायला उठावं लागायचं. एकदा जरी मी केला असता, तरी पुढची कळली असती."

दूध काठापर्यंत आलं, क्षणभर थबकलं, आणि उतू गेलं. आधी बर्नरवर, मग ओट्यावर, मग ओट्यावरून खाली.

स्वयंपाकघरात त्या वेळी सात माणसं होती. त्यांतली सहा शहाणी. सातही जण गॅससमोर उभे राहून दूध बघत राहिले.

चहा मग कोराच झाला.