न लावलेले विरजण

एकदा एक वयोवृद्ध प्राध्यापक आपल्या त्याहूनही वृद्ध गुरूंकडे मुक्कामाला आले. हयातभर प्राध्यापकांनी न्यायशास्त्र शिकवले होते. कोणत्याही प्रश्नाच्या दोन्ही बाजू सारख्याच ताकदीने मांडण्यात त्यांचा हातखंडा होता. आता त्यांची मूत्रपिंडे थकली होती आणि लवकरच डायलिसिस लागणार होते. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले होते. एक, हातातली शीर धमनीला जोडून घ्यायची आणि आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाऊन, तिच्यात सुया घालून रक्त शुद्ध करून घ्यायचे. दुसरा, पोटात नळी बसवायची आणि घरच्या घरी, दिवसातून चार वेळा औषधी पाणी भरायचे नि काढायचे.

"दोन्ही तुम्हाला चालतील, पण लवकर ठरवा," डॉक्टर म्हणाले होते. "हाताची शीर तयार व्हायला वेळ लागतो."

हे संक्रांतीच्या सुमाराला झाले. आता वैशाख लागला होता आणि प्राध्यापक अजून तोलतच होते. काही झाले तरी निर्णय चुकू द्यायचा नाही, असा त्यांचा निर्धार होता.

"तुम्हीच सांगा, गुरुजी. तुम्ही म्हणाल ते निमूटपणे करीन."

गुरुजींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि ते म्हणाले, "आज संध्याकाळी विरजण तू लाव."

प्राध्यापक बुचकळ्यात पडले. पण गुरूंची आज्ञा. संध्याकाळी गुरुजींच्या सुनेने तापवून कोमट केलेले दूध आणि विरजणाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. "भाऊजी, हे मडकं, हे पातेलं. कशातही लावा."

प्राध्यापक विचारात पडले. मडक्यात दही घट्ट लागेल. पण मडके नवे, मातीचा वास उतरला तर? पातेले स्वच्छ, पण त्यात दह्याला पाणी सुटते.

"वहिनी, गुरुजींना घट्ट आवडतं की पातळ?"

"मामंजींना दात नाहीत, भाऊजी. दही असलं की झालं."

"जेवणं होऊ द्या, मग बघतो."

जेवणे झाली, जुन्या गप्पा निघाल्या, आणि मग सगळे झोपले. सकाळी झाकण काढले तर त्या उन्हाळ्यात दूध नासून गेलेले.

गुरुजी दुपारी दहीभाताखेरीज काही खात नसत. त्या दिवशी त्यांच्या पानात मऊ भात आणि वरण आले. वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "भांडं कुठलं एवढंच ठरवायचं होतं, भाऊजी. प्रबंध नव्हता मागितला." मग त्यांनाच वाईट वाटले. "मीच लावणार होते हो. मामंजींनी अडवलं. हात लावू नकोस म्हणाले."

"गुरुजी! जेवण तुमचं, आणि तुम्हीच अडवलंत?"

गुरुजींनी घास गिळला. "अरे, दुधापुढे तीन पर्याय होते. मडकं, पातेलं आणि काहीच न करणं. पहिल्या दोन्हींचे दोष तू बारकाईने पाहिलेस. तिसऱ्याचा एकही पाहिला नाहीस, कारण आपण तो निवडतो आहोत हेच तुला उमगलं नाही. मडक्यात लावलं असतंस तर फार तर मातीचा वास आला असता. तसलं दही मी खाल्लं असतं. आता सांग, तू काहीच ठरवलं नाहीस आणि डायलिसिस एकाएकी करावं लागलं, तर डॉक्टर काय करतील?"

"मानेतून नळी घालतील. तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका फार. तो मार्ग मला मुळीच नको आहे."

"आणि संक्रांतीपासून तू त्याच मार्गाने चालला आहेस."

प्राध्यापकांनी हातातला घास पानात ठेवला. त्यांनी विचारले, "मग हात की पोट?"

"ते मला कसं कळणार? शरीर तुझं, घर तुझं. काल दोन्ही मार्गांबद्दल इतकं बोललास. स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाहीस."

"घर दोन खोल्यांचं आहे," प्राध्यापक सावकाश म्हणाले. "सकाळपासून विद्यार्थी येतात. दार लावून बसायला स्वच्छ कोपरा नाही. बोटंही थरथरतात, नळी जोडताना नीट शुद्धता राखता येईल असं वाटत नाही. दुसऱ्या कुणाला पोटाचा मार्ग उत्तम असेल. माझ्यासाठी हातच योग्य. हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे."

"मग अडलं कुठे?"

"सुयांची भीती वाटते, गुरुजी. लहानपणापासून."

वहिनींना हसू आले नाही. त्यांनी प्राध्यापकांच्या पानात आणखी वरण वाढले.

"वाटू दे की," गुरुजी म्हणाले. "भीतीलाही सभेत बसू दे. निकाल मात्र तू दे."

प्राध्यापक त्याच दिवशी परतले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर जाऊन बसले. डाव्या हातावर शस्त्रक्रिया करायचे ठरले. निघताना डॉक्टरांनी बजावले, "आता या हाताच्या शिरा जपायच्या. तिथून कुणालाही रक्त काढू देऊ नका."

तपासणीसाठी ते खाली प्रयोगशाळेत गेले. तिथल्या मुलीने सवयीने त्यांच्या डाव्या दंडाला पट्टा बांधायला घेतला.

"हा नाही, ताई," ते म्हणाले. "हा डायलिसिससाठी राखलाय. उजव्यातून घ्या."

त्यांनी बाही वर सारून उजवा हात पुढे केला. सुई टोचताना त्यांनी मान फिरवली, पण हात हलू दिला नाही.