पाठ केलेली साक्ष

फार पूर्वी, अमेरिकेच्या किनाऱ्यावर इंग्लंडहून आलेल्या धर्मनिष्ठ लोकांचं एक गाव होतं. तिथे लाकडी पिंपं बनवणारा एक कारागीर राहायचा. हाताचा कसबी, बोलण्यात मात्र कच्चा.

गावचा रिवाज कडक. दर रविवारी चर्चमध्ये जाऊन बसलं म्हणजे कुणी मंडळीचा सभासद होत नसे. सगळ्यांसमोर उभं राहून, देवाची कृपा आपल्यावर कधी आणि कशी झाली, याची साक्ष द्यावी लागे. ती पटली तरच सभासद हात वर करत. आणि आईबापांपैकी एकही सभासद नसेल, तर लेकराचा बाप्तिस्मा होत नसे.

पिंपवाल्याला नुकतीच मुलगी झाली होती. बायको अजून बाळंतिणीच्या खाटेवर, तेव्हा साक्ष द्यायची ती त्यानेच. त्या धास्तीने त्याला कामही सुचेना.

शेजारचा सुतार मदतीला धावला. गेल्या वर्षी त्याच्या साक्षीने अख्खं चर्च रडवलं होतं. वादळ, बुडतं जहाज, गुडघे टेकून केलेला धावा, काही म्हणून कमी नव्हतं. तीच पाठ कर, जहाजाचं नाव तेवढं बदल, असं त्याने सांगितलं.

रविवारी पिंपवाला उभा राहिला. वादळ झकास जमलं. जहाज बुडू लागताच बायका डोळे पुसू लागल्या. ते पाहून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तो थांबला.

“हे माझं नाही,” तो म्हणाला. “पाठ केलंय. माझ्यावर कृपा झाली की नाही, मला खात्रीने सांगता येत नाही. मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा न शिकवलेली प्रार्थना तोंडून निघाली. एवढंच आहे.”

मुलीचा बाप्तिस्मा आपण आपल्या हाताने घालवला, असं वाटून त्याने मान खाली घातली.

तेवढ्यात मंडळीचा कारभार पाहणारे सगळ्यांत खडूस आजोबा काठी टेकत उठले.

“खात्री असलेल्यांचीच मला भीती वाटते,” ते म्हणाले. “हा स्वतःला तपासतोय. माझा हात वर.”

पाठोपाठ सगळे हात वर झाले. सुतार आपल्या बुटांकडे बघत होता, पण त्याचाही झाला.

पुढच्या रविवारी बर्फासारखं पाणी कपाळावर पडताच मुलीने असा टाहो फोडला, की चर्चच्या धर्मगुरूंना आपलं तीन तासांचं प्रवचन आवरतं घ्यावं लागलं. इतकी आनंदी मंडळी त्या चर्चमधून कधी बाहेर पडली नव्हती.

तात्पर्य: देवापुढे उसनी श्रद्धा नेऊ नये, चिमूटभर असली तरी आपली न्यावी.