येसबा गुळव्याचं ताट

फार वर्षांपूर्वी, म्हणजे उसाचा चरक बैल ओढायचे तेव्हा, हिंगणदऱ्यात येसबा नावाचा गुळव्या होता. गुळव्या म्हणजे रस आटवून गूळ करणारा. काहिलीतला पाक कधी उतरवायचा, हे त्याच्या जिभेला नेमकं कळायचं. त्याच्या गुळाच्या वासानं पलीकडच्या गावची पोरं झोपेतून उठून बसायची, असं म्हणतात. वास एवढा लांब जातो का, हे मला विचारू नका. हिंगणदऱ्याची माणसं गुळाबद्दल बोलायला लागली की निम्मं सोडून द्यायचं.

त्या गावाचा एक रिवाज होता. हंगामाची पहिली ढेप फोडली की पहिला खडा गुळव्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडात टाकायचा. मग गावानं खायचा. करणाराच खातो म्हटल्यावर गुळात काही वावगं नाही, अशी खात्री पटायची. गावच तसं संशयी. शेजाऱ्यानं हसून रामराम केला तरी यांना वाटायचं, याच्या मनात काहीतरी आहे.

एका वर्षी येसबाला तहान लागली, ती भागेचना. घागर संपवली तरी घसा कोरडा. अंग वाळलं, पायाची जखम भरेना, नजरेपुढं धुकं येऊ लागलं. तो लघवीला बसे तिथं मुंग्या लागायच्या. पुढं पुढं तर मुंग्यांची रांग त्याच्यामागं घरापर्यंत चालत यायची, असं म्हणतात. गावानं ठरवून टाकलं की कुणीतरी करणी केली. कुणी केली, याबद्दल मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळं नाव होतं.

डोंगरावर बिराई नावाची धनगर म्हातारी मेंढरं राखायची. तिला दुखण्याखुपण्यातलं कळायचं. येसबा काठी टेकत तिच्याकडे गेला.

"मुंग्या लागत्यात न्हवं?" तिनं विचारलं. "मग गूळ सोड, काकवी सोड. भात इसर. भाकरी निम्मी कर, पाला खा, हुलग्याचं माडगं पी. दिस मावळायच्या आत जेव. आन् रोज माझ्या मेंढरांमागं डोंगार चढ."

"आन् औषध?"

"ह्येच की."

पुडी न देणाऱ्या वैद्यावर कुणाचा विश्वास बसतो? येसबाचाही बसला नाही. पण मरणाची भीती वाईट. तो रोज डोंगर चढू लागला, शेवग्याचा पाला खाऊ लागला. तो इतका चालला की कातळावर पाऊलवाट उमटली, असं म्हणतात. हळूहळू तहान ओसरली, जखम भरली. एके दिवशी मुंग्यांची रांग त्याच्याजवळ आली, थबकली आणि माघारी फिरली.

"ग्येला रोग," येसबा आनंदानं ओरडला.

"ग्येला न्हाई," बिराई म्हणाली. "उंबऱ्याभाईर बसलाय. दार उघडलंस की आत आलाच म्हून समज."

हंगाम आला. पहिली ढेप फुटली आणि येसबानं खडा तोंडात टाकायला नकार दिला. झालं! गुळव्याच गूळ खाईना, म्हणजे त्यानं आत काय कालवलंय? कुणी खड्याला हात लावेना. ढेपा तशाच पडून राहिल्या. आणि त्याच दिवसांत येसबाची तहान परत आली, मुंग्याही आल्या.

आता येसबालाच संशय आला. गुळाचा कण खाल्ला नाही, मग रोग परतला कसा? म्हणजे म्हातारीनंच काहीतरी केलं. गाव याचीच वाट बघत होतं. काठ्या घेऊन सगळे डोंगर चढले, येसबा सगळ्यांच्या पुढं. म्हातारीला शिवेपार हाकलायचं ठरलं होतं.

बिराई जागची उठली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुझा सैपाक कोन करतं?"

मागच्या बायकांतून येसबाची बायको हौसाक्का रडत पुढं आली.

"मी घालत हुते गूळ. भाजीत, माडग्यात, चिचंच्या कोळात लपवून. बाया म्हनल्या, ज्यानं गूळ सोडला त्यो घरबी सोडतो. म्हातारी ह्येंनला डोंगरावरच ठिवून घील. मला वाटलं, जिभंवर घरची चव तरी ऱ्हाऊ दे."

येसबानं तिच्यावर काठी उगारली. तेवढ्यात बिराई म्हणाली, "थांब रं. पाकाची तार वळखनारी तुझी जीभ. तिला भाजीतला गूळ कळला न्हाई व्हय?"

येसबानं काठी टाकली आणि मान खाली घातली. त्यानं म्हातारीवर संशय घेतला, बायकोवर काठी उगारली, आपली जीभ तेवढी सोडून दिली होती. गावातली काही माणसं अजून म्हणतात, आजारपणात त्याची चव गेली होती. मला ते पटत नाही. कळलं होतं त्याला. गोड लागलं, म्हणून तो गप्प बसला.

घरी आल्यावर हौसाक्कानं एकच ताट वाढलं. पहिला घास तिनं घेतला, दुसरा त्यानं. पुढं जन्मभर दोघं त्या एका ताटात बिनगुळाचं जेवली. हंगामाचा पहिला खडाही गावासमोर हौसाक्काच खाऊ लागली. रोग उंबऱ्याबाहेर वाट बघून बघून म्हातारा झाला, आणि येसबा पणतवंडांना घेऊन डोंगर चढत राहिला, असं म्हणतात.

अजूनही हिंगणदऱ्यात गुऱ्हाळाचं चुलवाण पेटतं त्या दिवशी सगळं गाव आधी डोंगर चढून येतं. मग घरोघरी नवरा-बायको एका ताटात शेवग्याची भाजी आणि भाकरी खातात. पहिला घास बाई घेते. नवऱ्यानं दुसरा घास खाऊन भाजीत काय काय आहे ते मोठ्यानं सांगायचं, त्याशिवाय तिसरा घास नाही. काही बायका त्या दिवशी मुद्दाम बोटभर गूळ घालतात. काही नवरे तो लगेच ओळखतात. काही अजूनही गप्प बसतात, आणि ते कोण, हे त्यांच्या बायकांना बरोबर ठाऊक असतं.