न निवलेली पेज

ऐका तर. फार फार वर्षांमागं डोंगरापल्याडच्या एका पाड्यावर ठकी नावाची बाई राहायची. तिला मुलगा नवसू, मुलगी चिमी आणि सून सोनकी.

पाड्याची रीत अशी, की लग्नात सोयऱ्यांना आधी नवरीच्या घरची नाचणीची दारू पाजायची. ती फसफसली नाही, तर सोयरे उठून जायचे.

चिमीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं. दरसाल दारू घालायची सोनकी. पण तिची कूस उजवली नव्हती. ठकी म्हणाली, "शुभकार्याला वांझेचा हात नको. मीच घालते."

तिनं नाचणीची पेज शिजवली, त्यात मागच्या दारूच्या गाळाचं आंबवण ओतलं, मडक्याचं तोंड बांधलं. तीन दिवस झाले. फेस नाही, बुडबुडा नाही.

"हिची सावली पडली!" ठकी कडाडली. सोनकीचं अंथरूण पडवीत गेलं.

दुसरं मडकंही मुकंच.

"आत्याबाई, पेज जरा..."

"तोंड मीट! उचल बोचकं, जा माहेरी."

नवसू दारातच होता. बायको निघून गेली, तो खाली बघत राहिला.

उरलंसुरलं आंबवण घालून केलेलं तिसरं मडकंही मेलं. आता दोष द्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. ठकी तणतणत कुंभारणीकडं गेली.

"तुझी मडकीच खोटी!"

"सोनकी आठ वर्षं ह्यातच घालायची. तेव्हा खरी होती व्हय?" म्हातारी म्हणाली. "पेज निववलीस का?"

"निववत कोण बसतंय? चुलीवरून उतरवली की ओतली."

"अगं, आंबवण जितं असतं. उकळत्या पेजेत तुझं बोट घाल बघू! सोनकी आधी मनगट बुडवून बघायची."

ठकी आल्या पावली माघारी फिरली.

घरचं आंबवण संपलं होतं, आणि सोयऱ्यांवाचून परक्या घराला ते कुणी देत नसे. ठकी सुनेच्या माहेरी गेली. "चुकलं माझं. चल घरी."

सोनकीनं आंबवणाचं गाडगं पुढं ठेवलं. "हे चिमीसाठी न्या, आत्याबाई. मी नाही यायची. तुम्ही बोललात, ते मी गिळलं असतं. पण जो बोललाच नाही, त्याच्याजवळ कशी नांदू?"

ह्या खेपेला ठकीनं पेज निववली, मग आंबवण घातलं. मडकं फेसाळलं. सोयरे मिटक्या मारत प्याले. चिमी चांगल्या घरी पडली. लोक म्हणाले, ठकीचं नशीब उघडलं. आणि घरात मायलेक दोघंच, एकमेकांकडं न बघता जेवू लागले.

म्हणून सांगते बाळांनो, काम बिघडलं तर आधी आपला हात तपासावा. घालवलेलं माणूस मागाहून आपण हात जोडले तरी परत येत नाही.