रंग उडालेली विपिले

एका राज्यात बाईची ओळख तोंडावरून नव्हे, विपिलावरून पटत असे. विपील म्हणजे सैल, चौकोनी अंगरखा, मधोमध डोके काढण्यापुरते भोक आणि भोवती आपल्या गावाची नक्षी. कुठे पाखरे, कुठे मक्याची कणसे. नाव-गाव विचारायची तिथे पद्धतच नव्हती.

एके दिवशी इश्तून नावाची जादूगारीण दरबारात आली. "राजा, मला एखाद्या गावाची नक्षी दे."

"तू कोणत्या गावची?"

"कोणत्याच नाही."

"मग तुला नक्षी नाही."

राजाने विषय संपवला. जादूगारणीशी असे तोडून बोलू नये, एवढी अक्कल राजेलोकांना कुठली! इश्तून म्हणाली, "मला गाव नाही, तर कुणालाच नको." तिने फुंकर मारली. राज्यातली सगळी विपिले पांढरीफटक पडली आणि ती ज्यांच्या अंगावर होती, त्या बायका आपले गाव, आपली माणसेही विसरल्या.

नीक्ते नावाची मुलगी तेव्हा ओढ्यात डुंबत होती, विपील काठावर होते, म्हणून ती वाचली. खरे तर त्या वेळी तिने मागावर बसायला हवे होते. पण आई शिकवायला बसली, की पोरगी ओढ्यावर!

घरी आली, तर दारात आई उभी. "कोण गं बाई तू? कुणाकडे आलीस?"

नीक्ते अंगणातल्या सावरीच्या झाडाखाली जाऊन रडत बसली. फांदीवर लांब हिरव्या शेपटीचा पक्षी होता. तो म्हणाला, "तीन रंग आण. त्या रंगांत तुझ्या गावाचे विपील विणले गेले, की शाप तुटेल. पण मागितल्यावाचून काही घेऊ नकोस."

नीक्ते निघाली. निवडुंगावर तांबडा रंग देणारे किडे होते, त्यांच्याकडे तिने रंग मागितला. थोरला किडा म्हणाला, "आम्हां म्हाताऱ्यांना ने. पोरांना राहू दे." तिने तसे केले. ज्वालामुखीच्या उतारावर नीळ उगवली होती. डोंगर झोपेत पुटपुटला, "ने, पण मला उठवू नकोस." ती अनवाणी वर गेली, अनवाणी उतरली. समुद्रकाठच्या गोगलगायीने सुतावर जांभळे अश्रू गाळले आणि म्हणाली, "आता मला माझ्या खडकावर ठेव." नीक्तेने तिला जागच्या जागी ठेवले.

घरी येऊन तिने सूत रंगवले. मागाचे एक टोक सावरीला बांधले, दुसऱ्या टोकाचा पट्टा कमरेभोवती घेतला आणि विणायला बसली. सुताचा नुसता गुंता झाला.

आई दारातून बघत होती. तिला राहवेना. "कंबर मागं घे, बाई. ताणा ढिला पडलाय."

"मला येत नाही. तुम्ही दाखवाल?"

"आईनं शिकवलं नाही तुला?"

"ती शिकवत होती. मीच बसत नव्हते."

आईने जीभ चावली. पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला. नक्षी तिला आठवत नव्हती, पण हात थांबेनात. सूर्य उमटला, कणसे उमटली. या वेळी नीक्ते तिच्याजवळून हलली नाही.

कापड उतरले. आईने मधोमध भोक कापले, कडा शिवल्या आणि म्हणाली, "घालून बघ."

सूर्याच्या मधून नीक्तेचे डोके बाहेर आले. आई बघतच राहिली.

"नीक्ते! अगं, केस किती विस्कटलेत? आणि इतका वेळ होतीस कुठं?"

नीक्ते आईच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. त्याच क्षणी राज्यभर विपिलांवर रंग चढले. परक्या अंगणात बसलेल्या बायका उठून आपापल्या घरी गेल्या.

राजाचे शिपाई इश्तूनला धरून नीक्तेच्या दारावरून नेऊ लागले. आई आडवी आली. "तिला माझ्या अंगणात बसवा. आणि नीक्ते, पट्टा बांध."

नीक्तेने पहिले विपील इश्तूनसाठी विणले. सूर्य वाकडा आला, कणसे आखूड राहिली. इश्तूनने ते अंगात घातले आणि हलक्या आवाजात विचारले, "आपल्या गावात पाणी कुठून भरतात?"